चुली दोन, रोट एक

या वेळी पत्रं बरीच आली आणि त्यातली चार एकाच खुंटीला टांगलेली निघाली, समाजशास्त्रात डोळ्यांना काय दिसतं आणि काय नुसतं शब्दात असतं, म्हणून बाकीची पुढच्या अंकासाठी ठेवलीत, राग नसावा. पत्रं थोडी कापून छापतोय.

प्रश्न : सर, मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, सोबत सेटचा, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचा, अभ्यास चालू आहे. गाईडमध्ये दिलंय की समाजशास्त्रात काही संकल्पना निरीक्षणीय असतात म्हणजे डोळ्यांना दिसतात, मोजता येतात, आणि काही सैद्धांतिक असतात. व्याख्या दोन्ही पाठ आहेत, पण ‘कुटुंब’ कशात टाकायचं यावरून माझं आणि मैत्रिणीचं भांडण झालंय. ती म्हणते कुटुंब समोर दिसतं की, त्यात सिद्धांत कसला. कोण बरोबर? (एक विद्यार्थिनी, चोपडा)

उत्तर : भांडण चांगलं आहे ताई, चालू ठेवा. गाईड जरा वेळ बाजूला ठेवा आणि आमच्या घरची गोष्ट ऐका.

२०१० च्या उन्हाळ्यात जनगणनेची घरयादी चालू होती, मी सुट्टीत गावी गेलेलो, अमळनेर तालुक्यात. शाळेतले एक गुरुजी फॉर्म घेऊन आमच्या ओट्यावर बसले, काकूने चहा ठेवला आणि गुरुजींनी विचारलं, या घरात कुटुंबं किती? काकू म्हणाली, ‘चुल्हा दोन शेतस, घर एकच शे.’ गुरुजी म्हणाले, काकू असं नाही चालत, एक आकडा सांगा. आता खरी परिस्थिती अशी की मोठ्या चुलतभावाची चूल पुढच्या खोलीत, धाकट्याची मागच्या पडवीत, जावाजावांचं पटेना म्हणून चार वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, पण वावर एकच, विहीर एक, मोटर एक, सोसायटीचं कर्ज एकाच्याच नावावर आणि फेडतात दोघं. मधला भाऊ सुरतेला साडीच्या कारखान्यात, तो दर महिन्याला पैसे पाठवतो ते मोठ्याच्या खात्यावर. गुरुजींकडे जी सूचना होती ती साधी होती, एरवी एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. त्या हिशोबाने आमच्या घरात दोन कुटुंबं लिहिली गेली आणि तिसरं तिकडे गुजरातच्या यादीत कुठेतरी.

मग श्रावण आला, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीचा सण. रोटाचा, म्हणजे तिच्या नैवेद्याचा, गहू आमच्याकडे घरातल्या पुरुषागणिक सव्वा मूठ घेतात, गावागणिक रीत थोडी इकडेतिकडे असेल. काकू परातीत मुठी टाकत होती आणि एकेक नाव घेत होती. दोन्ही चुलींवरचे घेतले, सुरतवाला घेतला आणि त्याचं आठ महिन्यांचं पोरगं पण घेतलं ज्याने अजून गावाचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. सुरतवाला रजा टाकून बायकापोरासकट गाडीने आला, रोट खाल्ले, दुसऱ्या दिवशी कानबाईला निरोप दिला आणि परत गेला.

म्हणजे तीन महिन्यांच्या आत त्याच माणसांची दोनदा मोजदाद झाली, फॉर्मने तीन कुटुंबं मोजली आणि परातीने एक. खोटं कोणीच बोललं नाही. चूल दिसते, मोजता येते, उद्या दुसरा गुरुजी आला तरी त्याचाही आकडा दोनच येणार, ही झाली निरीक्षणीय गोष्ट. मुठी पण दिसतात, त्याही मोजता येतात. पण ‘कुटुंब’ ना चुलीत आहे ना परातीत. आपण त्या शब्दाने जे म्हणतो, म्हणजे कोण कोणाचं देणं लागतं, मेल्यावर सुतक कोणाला, पोरीच्या लग्नात खर्च कोण उचलणार, हे सगळं एका नावाखाली बांधलेलं गाठोडं आहे आणि ते नाव आपण दिलंय. ते सैद्धांतिक.

हा घोळ काही आपल्याच घरातला नाही बरं का. पन्नास-साठच्या दशकात सगळेच म्हणत होते की एकत्र कुटुंब मोडलं, कारण जनगणनेत घरं लहान दिसायला लागली. तेव्हा समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातल्या महुवा या लहान शहराचा अभ्यास केला, तो १९६४ मध्ये छापून आला, आणि दाखवलं की एका छपराखाली राहणं ही एकत्रपणाची एकच बाजू झाली, मिळकत, एकमेकांची जबाबदारी, येणंजाणं हे बघितलं तर वेगळी राहणारी कितीतरी घरं एकत्रच निघतात. पुढे ए. एम. शहा या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये तर आग्रहच धरला की राहतं घर आणि कुटुंब हे दोन शब्द वेगळे ठेवा, मिसळू नका. मराठी फॉर्मवर दोन्हीसाठी ‘कुटुंब’ हाच शब्द छापतात, म्हणून तुमच्या मैत्रिणीची गल्लत झाली, त्यात तिचा दोष नाही. ती चुलीबद्दल बोलतेय, तुम्ही गाठोड्याबद्दल.

परीक्षेसाठी एक नाव लक्षात ठेवा, अब्राहम काप्लान हा अमेरिकन तत्त्वज्ञ. त्याने १९६४ मध्ये असं मांडलं की दिसणारं आणि न दिसणारं यांच्यात भिंत नसते, पायऱ्या असतात. काकू भाकरी थापतेय हे सरळ दिसतं. वावर कोणाच्या नावावर आहे हे सातबाऱ्यावरून कळतं, म्हणजे आडून दिसतं. साक्षरता ही अजून वरची पायरी, कारण जनगणनेत सात वर्षं किंवा त्याहून मोठ्या ज्या माणसाला कुठल्याही भाषेत समजून वाचता-लिहिता येतं तो साक्षर, असं आपण ठरवलंय म्हणून ती आहे. आणि सगळ्यात वर सत्ता, वर्ग, एकात्मता असले शब्द. ओळखायची माझी युक्ती अशी की ज्या शब्दावरचा वाद बोट दाखवून मिटत नाही तो शब्द वरच्या पायरीवरचा समजायचा. चुली किती यावर वाद झाला तर आत जाऊन बघा. घर मोडलं की नाही यावर वाद झाला तर आत जाऊन काय बघणार?

आणि खालच्या पायरीवर तरी सगळं साफ दिसतं असं समजू नका. रोटाची ही गोष्ट मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो, मोठ्या ऐटीत. एकदा घरी सांगत होतो तर बायको म्हणाली, मुठी पुरुषांच्याच ना, मग ज्या काकू मोजतायत त्या कुठे आहेत परातीत? मी परातीसमोर बसलो होतो हो, आणि मला दिसलं नव्हतं. हॅन्सन नावाच्या तत्त्वज्ञाने १९५८ मध्ये हेच लिहिलं की बघणं कधीच कोरं नसतं, डोक्यात जे आहे ते डोळ्यात उतरतं. त्याचं पुस्तक मी दोनदा वाचलं होतं, बायकोने एकदाही नाही.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, पस्तीस वर्षं ट्रॅकवर काढली. तुमचं सदर वाचतो पण पटत नाही. समाजरचना, जातिव्यवस्था, सामाजिक बंधन, हे कोणी पाहिलंय का? आमच्या गँगमध्ये सगळे एका डब्यातून जेवायचो, मला कुठे जात दिसली नाही. जे दिसत नाही त्यावर पुस्तकं लिहायची हे शास्त्र कसं? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : साहेब, तुम्ही ट्रॅकवरचे म्हणून तुमच्याच भाषेत विचारतो. मे महिन्यात भुसावळला दुपारी दोन वाजता रुळात ताण येतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा शंभर पटीने जास्त माहीत. तो ताण तुम्ही पाहिलाय कधी? तुम्ही पाहिली ती सांध्यामधली फट बुजलेली, रुळाला लावलेल्या थर्मामीटरचा आकडा, आणि फार झालं तर वाकलेला रूळ. ताण हा शब्द त्या तिन्हींना जोडतो आणि उद्या कुठे वाकेल ते आधी सांगतो. दिसत नाही म्हणून तुम्ही कधी वरिष्ठांना म्हणालात का की ताण वगैरे काही नसतो, गाडी सोडा?

जातीचं तसंच. तुमच्या डब्यात जात दिसली नाही हे मी खरं धरतो, एका डब्यात जेवणं ही काही लहान गोष्ट नाही. पण डबा ही एक फट झाली, सगळा रूळ नाही. घरातल्या मुलामुलींचे बायोडेटा व्हॉट्सअॅपवर फिरतात ते काढून बघा. वर गणपतीचं चित्र, मग उंची, शिक्षण, पॅकेज, आणि खाली एक ओळ असते, ‘मामाचं कूळ’. मुलगा पुण्यात आयटीत असो नाहीतर आखातात, ती ओळ सुटत नाही. ती ओळ कशासाठी आहे हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही.

१९१६ च्या मे महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठातल्या एका सेमिनारमध्ये जातीवर निबंध वाचला, तेव्हा ते जेमतेम पंचवीस वर्षांचे. त्याआधीच्या युरोपियन पंडितांनी जातीची भलीमोठी लक्षणं सांगितली होती, विटाळ, धंदा, पंगत, पुरोहित, काय काय. बाबासाहेब म्हणाले की हे सगळं असेल, पण जातीचं म्हणून जे खास आहे ते एकच, जातीतल्या जातीत लग्न. एवढा मोठा न दिसणारा शब्द त्यांनी एका अशा गोष्टीला बांधला जी गावातल्या कुठल्याही मांडवात जाऊन तपासता येते. आणि तिथं थांबले नाहीत, पुढे विचारलं की गटात मुलगे-मुली सारखे आहेत आणि लग्न गटातच करायचं आहे, मग नवरा मेला तर बाई उरते, बायको मेली तर पुरुष उरतो, या उरलेल्यांचं गट काय करणार? बाईला जाळा किंवा जन्मभर विधवा ठेवा, आणि उरलेल्या पुरुषासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी आणा. सती, विधवेचं सक्तीचं वैधव्य, बालविवाह, तीन वेगवेगळ्या दिसणाऱ्या चाली, आणि ‘उरलेली माणसं’ ही एक न दिसणारी कल्पना तिन्हींना एका दोरीत ओवते. अशी कल्पना हवेतली कशी म्हणणार?

हां, एक गोष्ट तुमची मान्य. हवेतले शब्दही भरपूर आहेत आणि आमच्याच लोकांनी ते माजवलेत. ‘मानसिकता’ घ्या. खान्देशात उद्योग का येत नाहीत? मानसिकता. पोरं पुण्याला का पळतात? मानसिकता. निवडणूक कोण का हरलं? मानसिकता. जो शब्द प्रत्येक कुलपाला लागतो ती किल्ली नव्हे, तो हातोडा. ताण कमी झाला की फट उघडते, तसं मानसिकता बदलली की नेमकं काय उघडेल हे सांगता येत नसेल तर तो शब्द खुशाल फेकून द्या, मी तुमच्या बाजूने आहे.

प्रश्न : नमस्कार सर, माझा पीएच.डी.चा विषय ‘ऊसतोडीसाठी गुजरातला जाणाऱ्या आदिवासी स्त्रियांचं सक्षमीकरण’. ६४ प्रश्नांची प्रश्नावली तयार आहे, दिवाळीनंतर लोक निघून जातील त्याआधी भरून घ्यायची आहे. गाईड म्हणतात आधी संकल्पनेचं कार्यात्मकीकरण, म्हणजे ती कोणत्या खुणांवरून मोजणार ते, दाखवा. हे दोन पानांत कसं उरकायचं? (संशोधक विद्यार्थी, शहादा)

उत्तर : भाऊ, तुमचे गाईड बरोबर आहेत आणि हे उरकायचं काम नाही. आपल्याकडे हा रोगच झालाय, प्रश्नावली आधी आणि तिला शोभेल अशी संकल्पना नंतर, म्हणजे आधी टोपी शिवायची आणि मग डोकं शोधत फिरायचं.

तुमच्या ६४ प्रश्नांत ‘स्वतःच्या नावावर बँक खातं आहे का’ हा प्रश्न असणारच, पैजेवर सांगतो. उत्तर हो येणार, कारण योजनांचे पैसे खात्यावर येतात म्हणून खाती उघडलीयत. तुम्ही एक मार्क देणार आणि बाई सक्षम. पण पासबुक कोणाच्या ट्रंकेत आहे, एटीएमचा नंबर कोणाला पाठ आहे, शेवटचे पैसे कोणी काढले, हे विचाराल तर उत्तर वेगळं येईल. खातं दिसतं, सक्षमीकरण दिसत नाही, आणि तुम्ही एकाला दुसरं म्हणून विकताय.

त्यापेक्षा मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, वही बघायला मिळते का बघा. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात हे तुम्हाला माहीतच असेल. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असेल तर अर्धा. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्याला दिली जाते, पैसे मोजून घेतो पुरुष. बाई पहाटे उठून भाकरी करते, फडात मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपाशी नेते, आणि वहीत तिचं नावच नाही, ती कोयत्याच्या आत आहे. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञांनी दक्षिण गुजरातच्या ऊसतोडीवर वर्षानुवर्षं काम केलंय, त्यात आपल्या खान्देशातून जाणारी माणसंच आहेत, ते वाचा. मग स्वतःला विचारा की जिथं मोजायचं एककच जोडप्याचं आहे तिथं एकट्या बाईचं सक्षमीकरण म्हणजे काय? हा प्रश्न सुटेपर्यंत एकही फॉर्म भरू नका.

पद्धतीचं म्हणाल तर दोन वाटा आहेत. लाझार्सफेल्ड या समाजशास्त्रज्ञाची वाट अशी की आधी मनात एक धूसर चित्र, मग त्याच्या बाजू पाडायच्या, प्रत्येक बाजूला दोन-चार दिसणाऱ्या खुणा शोधायच्या आणि शेवटी त्यांचा एक आकडा करायचा. दुसरी ब्लूमर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाची, त्याने १९५४ मध्ये म्हटलं की समाजशास्त्रातल्या बऱ्याच संकल्पना मोजपट्टी नसतात, त्या फक्त कुठं बघायचं ती दिशा दाखवतात. माझं विचाराल तर पहिले दोन महिने ब्लूमर करा, गावात बसा, फडावर जा, बायकांशी बोला, ‘आपल्या मनाने केलं’ असं त्या स्वतः कशाला म्हणतात ते ऐका, आणि नंतर लाझार्सफेल्ड. दिवाळीनंतर लोक निघून जातील तर त्यांच्या मागे जा ना, विषयच स्थलांतराचा आहे.

आणि खुणा निवडताना २००२ ची दारिद्र्यरेषेची यादी आठवा. १३ निकष, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, जास्तीत जास्त ५२, आणि गुण जितके कमी तितकं घर गरीब. त्यात टीव्ही, पंखा, कुकर असल्या घरातल्या वस्तूंचाही एक निकष होता. सर्वे येणार म्हटल्यावर आमच्या गल्लीत एक कुकर तीन घरं फिरला, शेवटी गोठ्यात वैरणीखाली ठेवला, आणि म्हशीने लाथ मारून शिट्टी वाकवली. गरिबी होती तेवढीच होती, गुण मात्र बदलले. दांडेकर आणि रथ या अर्थशास्त्रज्ञांनी पुण्यात बसून १९७१ मध्ये दिवसाला माणशी २२५० कॅलरी ही गरिबीच्या रेषेची खूण धरली होती. तीवरही पुढे भरपूर टीका झाली, पण निदान कॅलरी गोठ्यात लपवता येत नाही.

प्रश्न : मी ज्युनिअर कॉलेजला समाजशास्त्र शिकवते. दुर्खाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा आत्महत्येचा अभ्यास शिकवताना मुलं विचारतात की सरकारी आकड्यांवर एवढा मोठा सिद्धांत कसा उभा राहतो? आपल्याकडचं उदाहरण देता येईल का? (एक शिक्षिका, धुळे)

उत्तर : मॅडम, मुलं हुशार आहेत तुमची. दुर्खाइमने १८९७ मध्ये युरोपातल्या नोंदी घेऊन दाखवलं की माणूस समाजाशी किती बांधलेला आहे त्यावर आत्महत्येचं प्रमाण हलतं, म्हणजे प्रमाण दिसणारं आणि बांधलेपण न दिसणारं. कॅथलिकांत कमी, प्रोटेस्टंटांत जास्त, वगैरे तुम्ही शिकवताच. पण जॅक डग्लस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये त्यावर बोट ठेवलं की मृत्यूला आत्महत्या म्हणून लिहितं कोण? जिथं घर-समाज घट्ट बांधलेला तिथं लोक ते झाकतात, पाय घसरून विहिरीत पडला म्हणतात, म्हणजे बांधलेपणामुळे आत्महत्या कमी झाल्या की नुसत्या नोंदी कमी झाल्या हे कळणार कसं? ज्याचं कारण शोधताय तेच मोजमापात शिरून बसलंय.

आपल्याकडचं उदाहरण जवळच आहे आणि ते सांगताना जीभ जड होते. शेतकऱ्याने जीव दिला तर मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे जिल्ह्याच्या पातळीवर समिती ठरवते, त्यात जमीन नावावर आहे का, कर्ज कुठलं, हे बघतात. आता कपाशी लावणारी, निंदणारी, वेचणारी बाई बघा, वावरात दिवसभर तीच दिसते, पण सातबारा सासऱ्याच्या नावावर. तिचं काही बरंवाईट झालं तर कागदावर ती शेतकरी नसतेच, गृहिणी असते. ‘शेतकरी’ हा शब्द आपल्याला अगदी डोळ्यांनी दिसणारा वाटतो ना, तोच कागदावर एवढा निसरडा होतो.

मी वर्गात एक करायचो, तुम्हीही करून बघा. मुलींना सांगायचं की घरच्या वावराचा सातबारा काढून आणा, हल्ली मोबाईलवर निघतो, आणि त्यात आई किंवा आजीचं नाव शोधा. एका वर्षी पूर्ण वर्गात दोघींनीच हात वर केले. मी खुश झालो, फळ्यावर दोन नावं लिहिली, मालकी, अधिकार असं काहीबाही लिहायला लागलो. तेवढ्यात पहिली म्हणाली, सर आईच्या नावावर अनुदान जास्त मिळतं म्हणून पप्पांनी दोन एकर तिच्या नावावर केलं, ट्रॅक्टर घ्यायचा होता. दुसरीला विचारलं तर ती म्हणाली, आजीला माहीतच नाही तिच्या नावावर आहे ते, मी काल सांगितलं तर म्हणाली, कोणाले सांगू नको.